गावाच्या ग्रुपवर रोज एक कोडं: निवड, तपासणी आणि उत्तराची पद्धत कशी ठेवावी?

खेड्यातलं_वाचनालय

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पाचवी ते दहावीची मुलं (म्हणजे बहुतेक त्यांच्या वडलांचे नंबर), पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी, काही शिक्षक, बाकी शेतकरी. या ग्रुपवर रोज एक कोडं द्यायचं ठरलं आहे. शब्दांचे उखाणे नकोत, ते लोकांकडे भरपूर आहेत. तर्काची, आकड्यांची, मांडणीची कोडी हवीत.

फिरत फिरत येणारी कोडी बघितली तर त्यात फळांच्या चित्रांची बेरीज आणि "फक्त हुशार लोकच सोडवतील" असलेच प्रकार जास्त. बऱ्याचदा एकाच कोड्याची दोन-दोन उत्तरं निघतात आणि मग ग्रुपवर वाद. शिवाय कोणीतरी पाच मिनिटांत उत्तर लिहून मोकळा होतो, बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो.

म्हणून विचारतो: कोडं टाकण्याआधी ते तपासायचं कसं? नेटवर शोधून उत्तर देणाऱ्यांचं काय करायचं? उत्तर कधी आणि कसं सांगावं? अनुभवी लोकांनी नेमकं सांगावं, अगदी बारीकसारीकही चालेल.

---

तिफण

तपासणीपासून सुरुवात करा. रोजच्या कोड्यावरून लोकांचा विश्वास उडतो तो अवघड कोड्यामुळे नाही, ढिल्या कोड्यामुळे.

सगळ्यात ढिला प्रकार म्हणजे संख्यामालिका. "२, ४, ८, ?" असं दिलं तर दुप्पट करणारा १६ म्हणतो. फरक २, मग ४, मग ६ असा धरणारा १४ म्हणतो. दोघंही बरोबर. मालिका लांबवली की प्रश्न मिटतो असंही नाही. १, २, ४, ८, १६ घ्या. कोणीही ३२ म्हणेल. पण वर्तुळाच्या कडेवर एक, दोन, तीन असे बिंदू वाढवत नेले आणि प्रत्येक बिंदू दुसऱ्या प्रत्येकाशी सरळ रेषेनं जोडला, तर वर्तुळाचे जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ असेच पडत जातात आणि सहाव्या बिंदूला ३१ होतात. म्हणून नुसती मालिका देऊ नका. ती कशातून आली ते कोड्यात सांगा (बिंदू, काड्या, ओळीतली झाडं), म्हणजे नियम कोड्यातच बांधला जातो. हे बिंदूंचं कोडं स्वतःच फार छान आहे. मुलांना काढून मोजायला लावा.

दुसरी गोष्ट शब्दांची. विहिरीतला बेडूक सगळ्यांना माहीत आहे: विहीर २० हात खोल, बेडूक दिवसा ३ हात चढतो, रात्री २ हात घसरतो. घाईत लोक २० दिवस म्हणतात. उत्तर १८ वा दिवस, कारण १७ दिवस-रात्रींनंतर तो १७ हातांवर असतो आणि अठराव्या दिवशी ३ हात चढून काठाला लागतो. पण "काठाला लागला की सुटला, मग घसरत नाही" हे वाक्य कोड्यात नसेल तर वाद होणारच, आणि वाद घालणाऱ्याचं चूक नाही. तसंच वाघ, बकरी आणि गवताच्या भाऱ्याचं. डोंग्यात माणूस आणि एकच वस्तू मावते, किती खेपा? एका काठावरून दुसऱ्या काठाला जाणं ही एक खेप धरली तर उत्तर ७. जाऊन येऊन एक खेप धरणारा ४ म्हणेल, त्याची शेवटची खेप अर्धीच राहते. कोड्यात "खेप म्हणजे एका बाजूचा प्रवास" हे लिहायलाच हवं.

कुंपणाची कोडी गावात चांगली चालतात, पण तिथेही तेच. १०० मीटर सरळ धुऱ्यावर दर ५ मीटरला खांब: दोन्ही टोकांना खांब असेल तर २१, एकाच टोकाला असेल तर २०, दोन्ही टोकं मोकळी असतील तर १९. हे एकदा शिकलं की मुलं सगळीकडे एक मिळवत सुटतात. म्हणून लगेच दुसऱ्या दिवशी १०० मीटर बाजूच्या चौकोनी शेताला चारी बाजूंनी कुंपण द्या. तिथे ४०० ला ५ नं भागून नेमके ८० खांब, कारण शेवटचा खांब पुन्हा पहिलाच असतो. ८१ आणि ८४ ही दोन्ही चुकीची उत्तरं येतील. आदल्या दिवशीचा नियम पाठ केला की समजला, ते या जोडीनं कळतं.

तपासायला दोन माणसं ठेवा आणि दोघांचं काम वेगळं ठेवा. एकानं उत्तर न बघता कोडं सोडवायचं. दुसऱ्यानं सोडवायचंच नाही, फक्त वाचून शंका काढायच्या: "दोघं एकत्र जाऊ शकतात का?", "शून्य चालतं का?", "सुरुवात सकाळी की रात्री?" ज्यानं कोडं निवडलं त्याला या शंका सुचत नाहीत, कारण त्याच्या डोक्यात उत्तर आधीच बसलेलं असतं. हे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उरकायचं.

फळांच्या चित्रांची कोडी सरसकट वगळा. त्यांत शेवटच्या ओळीत चार केळ्यांच्या जागी तीन केळी काढलेली असतात. ती नजरेची फसवणूक झाली, तर्क नव्हे. आणि बारीक स्क्रीनच्या फोनवर ते दिसतही नाही. "८ ÷ २(२+२)" हेही वगळा. कोणी १६ म्हणतं, कोणी १, आणि भांडण फक्त लिहिण्याच्या रीतीवरून असतं. पूर्ण कंस घातले तर कोडंच उरत नाही.

---

मसावि

नेटवर शोधणाऱ्यांबद्दल. शोधू नका म्हणून उपयोग नाही. जुनं कोडं घ्यायचं आणि आकडे असे बदलायचे की पाठ केलेली *युक्तीच* चुकेल.

उदाहरण देतो. रात्री चौघांना अरुंद बंधाऱ्यावरून पलीकडे जायचं आहे. बॅटरी एकच, एका वेळी जास्तीत जास्त दोघं, बॅटरीशिवाय कोणी जायचं नाही, जोडीनं गेले तर सावकाश चालणाऱ्याच्या वेगानं. प्रसिद्ध आकडे १, २, ५ आणि १० मिनिटं आणि उत्तर १७. युक्ती अशी की सगळ्यात सावकाश दोघांना एकत्र पाठवायचं: १ आणि २ जातात (२), १ परत (१), ५ आणि १० जातात (१०), २ परत (२), १ आणि २ जातात (२). एकूण १७. सर्वात चपळ माणसानं एकेकाला पोचवलं तर १९ लागतात.

आता २ च्या जागी ४ करा: १, ४, ५, १०. पाठ युक्ती लावली तर ४+१+१०+४+४ = २३. चपळ माणसानं एकेकाला पोचवलं तर १०+१+५+१+४ = २१. बरोबर उत्तर २१. शोधून आणलेली युक्ती इथे दोन मिनिटांनी हरते. कारणही नेमकं सांगता येतं: दुसऱ्या क्रमांकाच्या चपळ माणसाच्या वेळेची दुप्पट एका बाजूला ठेवा, आणि सर्वात चपळ अधिक दुसऱ्या क्रमांकाचा सावकाश यांची बेरीज दुसऱ्या बाजूला. दुप्पट लहान असेल तर दोन सावकाश एकत्र (४ आणि ६), मोठी असेल तर नाही (८ आणि ६). हे दोन दिवस लागोपाठ द्या, आधी जुने आकडे, मग नवे.

तसंच दुधाच्या कॅनचं. ३ आणि ५ लिटरच्या कॅननी ४ लिटर मोजा, हे सगळ्यांना येतं: ५ भरा, त्यातून ३ चा भरा, ५ मध्ये २ उरतात, ३ चा ओता, त्यात ते २ घाला, ५ पुन्हा भरा, ३ च्या कॅनमध्ये १ लिटरची जागा आहे ती भरा, ५ मध्ये ४ राहिले. आता ६ आणि ९ लिटरचे कॅन देऊन ४ लिटर मागा. येणारच नाही. ६ आणि ९ चा मसावि (दोघांनाही भाग जाणारी सर्वात मोठी संख्या) ३, आणि भरणं, ओतणं, एकमेकांत रिकामं करणं यातून नेहमी ३ च्या पटीतच दूध मिळतं. "जमणार नाही, आणि का जमणार नाही ते दाखवा" हेसुद्धा कोडंच असतं, मुलांना ते फार क्वचित मिळतं. फक्त कोड्यात तसं सुचवू नका. "मोजता येईल का? येत असेल तर कसं, नसेल तर का?" एवढंच लिहा.

शेरांचं जुनं कोडंही याच पद्धतीनं ताजं होतं. ४० शेरांचा, म्हणजे मणाचा धोंडा पडून चार तुकडे झाले आणि त्या तुकड्यांनी १ ते ४० पर्यंत कोणतंही पूर्ण शेराचं वजन तोलता येतं. तुकडे १, ३, ९, २७. पण हे तराजूच्या दोन्ही पारड्यांत तुकडे ठेवता आले तरच. २० शेर तोलायचे तर मालाबरोबर ९ आणि १, समोर २७ आणि ३. आता अट घाला की वजनं एकाच पारड्यात ठेवायची. मग चार तुकडे पुरत नाहीत. १, २, ४, ८, १६ या पाचांनी ३१ पर्यंतच जाता येतं आणि ४० साठी सहावं वजन लागतं. "दोन्ही पारड्यांत चालेल का" हे न लिहिल्यानं या कोड्याची वर्षानुवर्षं भांडणं होत आली आहेत.

---

पऱ्हाटी

राजेहो, कोडं कितीबी चांगलं असलं अन् टाइम चुकला त काही उपेग नाही. पोराईच्या हातात फोन कवा येते? बाप वावरातून घरी आल्यावर. सकाळी सातले कोडं टाकलं अन् पयल्या उत्तराले शाबासकी ठेवली, त ते शाबासकी रोज त्याच चार-पाच जणाईले भेटन ज्याईच्याजवळ सवताचा फोन हाये. बाकीचे आठ दिवसांत पाहणं सोडून देतीन.

सांजच्या साडेसातले कोडं टाका अन् दुसऱ्या दिवशी त्याच टायमाले उत्तर. मंधात पुरे चोवीस तास. सकाळी पोरं कोडं वहीत लिहून शाळेत नेतीन, तिथं डोकं लावतीन. कापूस वेचाच्या दिवसाईत अर्धा-एक तास उशिरा टाका. पयल्या-दुसऱ्या नंबराचा हिशोब ठेवूच नका. टायमाच्या आत ज्याचं ज्याचं बरोबर आलं, ते सारे सारखे.

बाजाराच्या दिवशी तोंडी सुटन असं कोडं द्या, कागद-पेन लागू देऊ नका. त्या दिवशी लोकं बसमंधी, गाडीवर, दुकानापाशी एकमेकाले इचारतेत.

अन् दुपारी एकच हिंट. हिंट म्हणजे अर्धं उत्तर नाही. "पयले कोन वापस येते ते पाहा" एवढी बस.

---

जोडणी

पऱ्हाटी यांच्या वेळापत्रकाला माझी पूर्ण संमती. आता ग्रुपच्या सोयी कशा वापरायच्या ते सांगतो.

व्हॉट्सॲपवर मतदान (पोल) टाकणं सोपं असतं आणि बारापर्यंत पर्याय देता येतात, पण कोड्याच्या उत्तरासाठी ते वापरू नका. कोणत्या पर्यायाला किती मतं पडली हे पडता पडताच दिसतं, आणि सुरुवातीच्या तीन-चार मतांमागे बाकीचे जातात. टेलिग्रामच्या प्रश्नमंजुषेत मत दिल्यावरच बरोबर पर्याय कळतो आणि खाली छोटं स्पष्टीकरण देता येतं. त्या कामाला ते चांगलं, पण गाव व्हॉट्सॲपवर असेल तर एका कोड्यासाठी लोकांना दुसरीकडे नेऊ नका.

उत्तर ॲडमिनला वैयक्तिक पाठवायचं, ग्रुपवर फक्त "सुटलं" एवढंच लिहायचं, हा नियम कोड्याच्या शेवटच्या ओळीत *रोज* लिहा. नवीन आलेल्याला तो माहीत नसतो. जास्त लोक असतील तर गुगल फॉर्म. त्यात उत्तराच्या रकान्याला तपासणी लावता येते: ठरलेली संख्या आली नाही तर फॉर्म पुढे जात नाही आणि आपण लिहिलेली सूचना दिसते. पण यानं लोक आकडे बदलून बदलून बघतात, म्हणून खाली "कसं काढलं ते दोन ओळींत" असा दुसरा रकाना सक्तीचा ठेवा. अंक इंग्रजीत लिहायला सांगा. मराठी-इंग्रजी अंक मिसळले की पुढे यादी लावताना घोळ होतो.

कोडं शक्यतो मजकुरातच टाका. अर्धवट नेटवर्कवरही मजकूर येतो, व्हिडिओ येत नाही. तक्ता असेल तर मात्र टाइप करू नका. मराठी अक्षरं एकसारख्या रुंदीत बसत नाहीत, त्यामुळे रकाने प्रत्येक फोनवर वेगळे सरकतात. चौकटीच्या वहीवर काळ्या पेनानं काढा, एक घर दोन सेंटिमीटरचं, दिलेले आकडे ठळक, रिकामी घरं कोरी. दिवसाच्या उजेडात, वहीच्या सरळ वरून, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या आणि एचडीत पाठवा.

मजकुरात चूक सापडली तर पंधरा मिनिटांच्या आत तोच संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतर मूळ संदेश पुसू नका, काहींनी तो वहीत उतरवलेला असतो. त्यालाच उत्तर म्हणून "दुरुस्ती" असं लिहून नवीन वाक्य टाका आणि ते वर पिन करा.

उत्तर देताना आधी उत्तर, मग कारण, मग दुसरं उत्तर का निघत नाही ते. आणि सर्वात जास्त आलेलं चुकीचं उत्तर नेमकं कुठे घसरलं तेही लिहा, मात्र नाव न घेता. नाव घेतलं की ते मूल दुसऱ्या दिवशी उत्तर पाठवत नाही.

---

खेड्यातलं_वाचनालय

फारच उपयोगी. आणखी दोन शंका. एक, आपल्याच भागातली, शेतीतली तर्ककोडी स्वतः बनवायची असतील तर कुठून सुरुवात करायची? दोन, सुडोकू मुलांना फार आवडतात, पण मुलांनी बनवलेल्यांची दोन-दोन उत्तरं निघतात. हे आधीच कसं ओळखायचं?

---

तिफण

तर्ककोडं उलट्या दिशेनं बनतं. आधी उत्तर मांडा, मग खुणा लिहा, मग प्रत्येक खूण काढून बघा.

धुऱ्याला धुरा लागून पश्चिमेकडून पूर्वेकडे चार वावरं. आधी उत्तर ठरवलं: बाळू–तूर, अण्णा–कापूस, दादा–ज्वारी, चंदू–सोयाबीन. पिकं एकाच हंगामाची घ्या. खरिपात मध्येच हरभरा आला तर गावातला माणूस कोडं सोडून तेच धरून बसेल, आणि बरोबरच आहे. आता खुणा:

१. अण्णाच्या वावरात कापूस आहे.
२. कापसाला लागून पूर्वेच्या बाजूला ज्वारी आहे.
३. सोयाबीन चंदूचं आहे आणि ते एका टोकाला आहे.
४. सगळ्यात पश्चिमेला तूर आहे.
५. दादाचं वावर बाळूच्या वावराच्या पूर्वेला आहे, लागूनच असेल असं नाही.

प्रत्येक वावरात एकच पीक, प्रत्येकाचं एकच वावर, हे वर लिहायचं. सोडवणं असं: तूर पहिल्या जागी, म्हणून सोयाबीन चौथ्या, कापूस-ज्वारी या क्रमानं मधल्या दोन, अण्णा दुसरा, चंदू चौथा, उरलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या जागेत दादा पूर्वेला, म्हणजे तिसरा.

आता खरी तपासणी. पाचवी खूण झाका: बाळू आणि दादा अदलाबदल होऊ शकतात, दोन उत्तरं. चौथी झाका: तूर-कापूस-ज्वारी-सोयाबीन, कापूस-ज्वारी-तूर-सोयाबीन, सोयाबीन-तूर-कापूस-ज्वारी, सोयाबीन-कापूस-ज्वारी-तूर, अशी चार उत्तरं. पहिली झाकली तर तीन, दुसरी झाकली तर दोन, तिसरी झाकली तर आणखी जास्त. म्हणजे पाचही खुणा लागतात आणि पाचही असताना उत्तर एकच राहतं. एखादी खूण झाकूनही उत्तर एकच राहिलं तर ती जादा आहे. ती काढा, किंवा लहान मुलांचं कोडं असेल तर मुद्दाम ठेवा, त्यांना आधार होतो. "लागून" आणि "पूर्वेला कुठेतरी" हे दोन शब्दप्रयोग मात्र कधी एकमेकांच्या जागी वापरू नका. अशा कोड्यांत निम्म्या चुका तिथे होतात.

सुडोकूचं दुखणं बहुतेक वेळा एकच असतं. मुलं भरलेला तक्ता घेऊन आकडे पुसत जातात. चारच्या चारमध्ये बघा. ओळी अशा: १-२-३-४, ३-४-१-२, २-१-४-३, ४-३-२-१. यात पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतली पहिली दोन-दोन घरं बघा: वर १-२, खाली २-१. ही चारही घरं पुसली तर वर २-१ आणि खाली १-२ भरूनही सगळे नियम पाळले जातात. दोन उत्तरं. म्हणून पुसताना शोधायचं ते हे: दोन ओळी, दोन रकाने आणि फक्त दोन चौकटी यांत मिळून बसलेली चार घरं, आणि त्यांत तेच दोन आकडे उलटसुलट. अशा प्रत्येक चौकडीतलं किमान एक घर भरलेलं राहिलंच पाहिजे. नऊच्या नऊमध्येही हाच नियम लागतो. मात्र एवढं पाळलं म्हणजे उत्तर एकच, असं नाही. तीन आकड्यांच्या लांब साखळ्याही असतात. म्हणून शेवटी अंदाज न करता, प्रत्येक आकड्याचं कारण देत, पूर्ण सोडवून बघायचं. कुठे "हा किंवा तो" यावर अडलात तर तिथे एक आकडा परत भरा.

किती आकडे ठेवायचे? नऊच्या नऊला १७ पेक्षा कमी आकड्यांत एकमेव उत्तर मिळतच नाही, हे २०१२ साली संगणकानं सगळ्या शक्यता तपासून दाखवलं गेलं. चारच्या चारला किमान ४ लागतात. पण किमान म्हणजे चांगलं असं नव्हे. मुलांसाठी नऊच्या नऊमध्ये ३० ते ३५ आणि चारच्या चारमध्ये ६ ते ७ आकडे ठेवा.

---

मसावि

अक्षरांच्या बेरजेचं एक देतो, सरळ वापरा:

कक + मम + लल = कमल

प्रत्येक अक्षर म्हणजे एक अंक, वेगळ्या अक्षराला वेगळा अंक, क शून्य नाही. कक म्हणजे क चे अकरा पट, तसंच बाकी. कमल म्हणजे १०० क + १० म + ल. दोन्ही बाजूंची वजाबाकी केली की ८९ क = म + १० ल उरतं. उजवी बाजू ९९ च्या वर जाऊ शकत नाही, म्हणून क = १, मग ल = ८, म = ९. ताळा: ११ + ९९ + ८८ = १९८. एकच उत्तर, आणि आठवीच्या मुलाला झेपतं. पाचवीतलं मूल करून बघून काढेल, तेही चालेल.

हे लिहितो आहे ते एका सावधगिरीसाठी. बरेच लोक कोड्याबरोबर ताळ्याचा आकडा देतात, म्हणजे ॲडमिनला न विचारता ज्याचं त्याला तपासता येतं. पद्धत चांगली आहे. पण इथे "तिन्ही अंकांची बेरीज १८" असा ताळा दिला तर कोडं संपलं: डावी बाजू ११ गुणिले बेरीज, म्हणजे ११ × १८ = १९८. विचार न करता उत्तर हातात. त्याऐवजी गुणाकार ७२ द्या. ताळ्याचा आकडा सोडवण्याच्या वाटेवर कुठेही येत नाही ना, हे आधी बघायचं. बंधाऱ्याच्या किंवा खांबांच्या कोड्याला तर ताळा देऊच नका, तिथे आकडा म्हणजेच उत्तर.

रविवारी मोठं काहीतरी हवं असेल तर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ घ्या. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, वजाबाकी करा, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, ८७३० − ०३७८ = ८३५२, ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे तेच तेच येत राहतं. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतो. मुलांची चूक एकाच जागी होते. २१११ घेतला की २१११ − १११२ = ९९९ येतात आणि मूल ते तीन अंकी धरतं, मग पुढे ९९९ − ९९९ = ०. तिथे ०९९९ लिहायचं: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. कोडं असं विचारा: "सात वजाबाक्या लागतील अशी संख्या शोधा." ज्याला जशी सापडेल तशी, उत्तरं अनेक, आणि हे कोड्यात आधीच लिहून टाका. पुढच्या रविवारी तीन अंकी संख्यांवर तेच करायला सांगा, तिथे ४९५ येतो.

---

जोडणी

ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी वाचनालयाच्या भिंतीवर फळाही ठेवा, ओसरीच्या आत, म्हणजे पावसात कोडं धुऊन जात नाही. चार बाय तीन फूट पुरतो. अक्षर चार बोटं उंच काढलं तर रस्त्यावरून वाचता येतं आणि त्या मापात फळ्यावर सात-आठच ओळी मावतात. म्हणून फळ्यावर जाईल असंच कोडं ग्रुपवर द्या. उत्तरांच्या चिठ्ठ्यांसाठी कुलपाची पेटी, चिठ्ठीवर नाव, इयत्ता आणि "कसं काढलं" हे तिन्ही. पेटी ग्रुपच्याच वेळेला, साडेसातला उघडायची, आणि पेटीतली बरोबर नावं ग्रुपवरच्या नावांबरोबर एकाच यादीत लिहायची.